कापलेली माया

१२ मार्च

ती. मामास,
सा. न.

तुझ्या कानांवर दया करून हे पत्र. फोन केला की तू नुसतं 'हॅलो, हॅलो' करतोस, मी घसा फोडून ओरडते, आणि शेवटी सगळी बातमी माझ्या शेजारणीला कळते, तुला काहीच नाही. विमानांच्या पंख्यांनी तुझे कान खाल्ले आणि माझी लिहायची सवय टिकली.

काम आहे, हे तू ओळखलंच असशील. तुझ्या पॅराशूट शिवायच्या कारखान्यात, खिडकीजवळच्या कपाटात ती एकशे पस्तीस चौरस फुटी छत्री आहे ना, निळी-पांढरी? मागच्या वर्षी आले होते तेव्हा मला हातही लावू दिला नव्हतास, तीच. ती मला हवी आहे. माझी एकशे सत्तरची आता सोसवत नाही. जरा वारा असला की ती खाली यायचं नावच घेत नाही. परवा सगळे उतरून, छत्र्या गोळा करून चहाला बसले आणि मी अजून वरच, उशीतून सुटलेल्या कापसासारखी. उतरले तीही थेट कुंपणापाशी. छत्रीचा ढीग खांद्यावर टाकून चालत आले तर कॅप्टन म्हणते, "आलीस? आम्हाला वाटलं मुक्काम केलास." कॅप्टन म्हणजे आमच्या चौकडीची म्होरकी. एरवी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे आकाशातही तिला सगळं रेषेत लागतं.

दुसरं दुखणं त्याहून मोठं आहे. विमानातून उडी मारल्यावर, छत्री उघडायच्या आधी आम्ही चौघं पोटावर पडत असतो, एकमेकांचे हात धरून गोल करायचा असतो, तेव्हा मी त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. तिघं खाली हात धरून थांबलेले आणि मी वरच्या माळ्यावर राहिल्यासारखी! हात लांब करते तर आणखीच वर जाते. तूच म्हणायचास ना, की आमचं बोचकं चौकडीचा पाया आहे, विटेसारखं सरळ पडतं? तुझी वीट तरंगायला लागली आहे, मामा.

जूनच्या शेवटी स्पर्धा आहे. नंतर कॅप्टनची बदली, म्हणजे चौकडी मोडली. इतकी वर्षं एकत्र उड्या मारून आम्ही बक्षिसाच्या जवळपासही फिरकलो नाही, त्याचं मला काही नाही. पण शेवटच्या उडीत ते तिघं खाली आणि मी माळ्यावर, हे मला नको आहे. काहीतरी कर.

मामीला नमस्कार. आईला फोन करतेच.

तुझं,
बोचकं


२० मार्च

चि. बोचक्यास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. मामीला वाचून दाखवलं. कापसाशी हसली, माळ्याचं पुन्हा वाचायला लावलं.

छत्री मिळणार नाही. आता रुस खुशाल. लहानपणी रुसलीस की तोंड फुगवून शिवणयंत्राखाली जाऊन बसायचीस, अर्धं बोचकं बाहेरच राहायचं. तसं बस हवं तर.

कारण तुला माहीत आहे, तरी पुन्हा सांगतो. आमच्या चौकडीतला पैलवान तुला आठवत नसेल, तू फार लहान होतीस. अंगापिंडानं दांडगा, हसला की विमानाच्या काचा हलाव्यात. त्यालाही असंच मोठी छत्री कंटाळवाणी वाटायला लागली आणि त्यानं लहान घेतली. छत्री जितकी लहान तितकी तापट, बाई. जड माणसाखाली लहान छत्री म्हणजे उतारावर ब्रेक नसलेली सायकल. त्यानं जमिनीजवळ येऊन एक वळण घेतलं, आणि आता तो टपालाच्या तिकिटांचे संग्रह लावत बसतो, कुबड्या भिंतीला टेकवून. तुझं अंग पैलवानाच्याच वळणावर गेलं आहे. तुझ्या वजनाला एकशे सत्तरची बरोबर आहे, मी स्वतः निवडून दिली आहे. उतरायला वेळ लागतो? लागू दे. वर हवा चांगली असते.

माळ्याचं मात्र बघू. तू घाबरून अंग चोरत असशील. अंग ताठ झालं की माणूस तरंगतं. पोट खाली सोड, छाती पुढे, हात थोडे मागे आणि वर, आणि डोळे खालच्या हातांवर नको, समोरच्या माणसाच्या डोळ्यांवर. दुसरं म्हणजे, वरून त्यांच्या अंगावर उतरू नकोस. आधी बाजूला राहून जिन्यानं खाली ये, त्यांच्या पातळीला आलीस की मग दारातून आत जा. छपरातून घरात शिरू नये. आणि हात पोचला की ओढायचं नाही. नुसता ठेवायचा. एकानं ओढलं की चौघांचा गोल बिघडतो.

उडीचा सूट ढगळ झाला असेल. सैल कापड वारा धरतं आणि माणसाला वर ठेवतं. कुठे आवळायचा तिथे टाचण्या लावून पाठव. बरोबर हार्नेसही पाठव, पट्ट्यांसकट, राखीव छत्रीची घडी नव्यानं घालायची वेळ झाली आहे. आणि एकदा येऊन तोंड दाखव. वर्ष होऊन गेलं.

तुझा,
मामा


२ एप्रिल

ती. मामास,
सा. न.

पार्सल पाठवलं आहे. पोट खाली सोडून पाहिलं, हात मागे नेऊन पाहिले, जिन्यानं आले. दारापर्यंत पोचते आणि तिथूनच पुन्हा वर उचलली जाते.

टाचण्या लावल्या आहेत. तुला जरा जास्त वाटतील. तेवढ्याच ठेव, कमी करू नकोस. काही विचारूही नकोस. शिव आणि पाठव, बस्स.

तुझं,
बोचकं


९ एप्रिल

बोचक्यास,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी बोलून घेतो.

पार्सल काल उघडलं. हार्नेस टेबलावर पसरला आणि मी खुर्चीवर बसलो. मांडीच्या पट्ट्यावर बकलाचा जो जुना वण आहे तो मी ओळखतो. तुझी मांडी, तुझं माप, वापरून चकाकलेला. आता ते बकल वीतभर पुढे आवळलेलं आहे आणि तिथे दुसरा वण पडला आहे. एका दिवसात पडलेला नव्हे, चांगला खोल. म्हणजे तुझा हार्नेस दुसरंच कोणीतरी घालतं आहे, कोणीतरी लुकडं, आणि बरेच दिवस घालतं आहे.

मग सूट पाहिला. टाचण्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटं आत. त्यात तुझा एक दंडही जायचा नाही. मला काय खुळा समजतेस? आत्ता उजेड पडला लहान छत्री कशाला हवी ते. जुनं सगळं त्या लुकड्या पोरीला द्यायचं आणि नवं आपण मिरवायचं! आणि माळ्यावर तरंगते तीसुद्धा तीच असणार. तू तिचं गाऱ्हाणं स्वतःचं करून मला लिहिलंस.

अगं, हार्नेस म्हणजे काय छत्रीखालची पिशवी आहे, आज याच्या हाती, उद्या त्याच्या? दुसऱ्याच्या मापाच्या हार्नेसमधून माणूस निसटतं. खांद्याचे पट्टे तिला लांब पडत असतील. छत्री उघडताना बसणारा हिसका भलत्याच जागी बसत असेल. हे मी तुला तू चड्डीत होतीस तेव्हापासून सांगतो आहे.

पट्ट्याचं उरलेलं टोक मात्र छान घड्या करून रबरात खोचलं आहे. निदान तेवढं तरी तिला शिकवलंस.

खरं काय ते लिही. अनेक आशीर्वाद.

मामा


१६ एप्रिल

ती. मामास,
सा. न.

पकडलंस.

हो, मुलगी आहे एक. चौकडीत तीच असते आता, माझ्या जागी. बारीक आहे, तरंगते. स्वतःचं सामान नाही. तुला सांगितलं असतं तर तू ओरडला असतास, आणि ओरडलासच. चूक झाली.

पण मामा, तिला ही स्पर्धा करायचीच आहे. दुसरं काही तिला सध्या सुचत नाही. दिवसभर ऑफिसात खुर्चीवर बसून असते, जिना चढली की दम लागतो, पण विमानाचं दार उघडलं की सगळं विसरते. सूट तिच्या मापाचा करून दे. हार्नेसचे खांदे आखूड कर. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी कर.

आईला यातलं काही सांगू नकोस. तिला वाटेल मी पुन्हा कोणाला तरी घरात आणून ठेवलं.

तुझं,
बोचकं


२८ एप्रिल

चि. बोचक्यास अनेक आशीर्वाद.

मी ओरडतो आणि मग दोन दिवस माझंच जेवण गोड लागत नाही. मामी म्हणाली, पोरीनं दुसऱ्या पोरीला हात दिला, त्यात एवढं काय बिघडलं? खरं आहे. तुझा तो गुण ताईचा, माझा नव्हे.

तर तुझ्या त्या काडीसाठी (नाव तू लिहिलं नाहीस, म्हणून मीच ठेवलं: तू बोचकं, ती काडी) सगळं करून पाठवतो आहे. हार्नेसचे खांद्याचे पट्टे बदलले. मांडीचे ठेवले. सूट आवळला. शिंप्याच्या रीतीनं शिवणीच्या आत माया ठेवायची असते, म्हणजे पुढेमागे माणूस भरलं तर उसवून सैल करता येतं. मी शिवण तंबूंवर शिकलो, मला ते फारसं नाही सुचत. शिवाय आत चार बोटं कापड राहिलं तर ते फुगून वारा धरणार, म्हणून माया कापून टाकली. आता तो सूट तिच्या अंगाला साल बसते तसा बसेल.

सोबत शिशाचा पट्टा आहे. कॅनव्हासचे कप्पे शिवून त्यात शिशाच्या चकत्या भरल्या आहेत. सूटाच्या आत कमरेला बांधायचा. हलक्या माणसाला तिघांच्या वेगानं पडायचं तर उसनं वजन घ्यावं लागतं, त्यात कमीपणा नाही.

आणि हे वाचून उडी मारशील: ती निळी-पांढरी छत्रीही पाठवतो आहे. तिच्यासाठी. तेवढ्याशा अंगाला एकशे सत्तरची म्हणजे वाऱ्याच्या हाती पतंग. तिला एकशे पस्तीसच योग्य. तू हात लावायचा नाहीस.

एक सांगू? मामीनं टाचण्या लावलेला सूट हातात धरला, उजेडाकडे केला आणि म्हणाली, "ही पोर जेवते का?" मी म्हटलं, परक्याची पोर, मला काय ठाऊक. पण तूही बघ जरा. शेजारी बसवून खायला घाल.

तुझा,
मामा


१६ मे

ती. मामास,
सा. न.

मामा, ती पोचली!

जिन्यानं खाली आली, पातळीला आली, दारातून आत गेली. कॅप्टनच्या डोळ्यांत बघत. शिसं कमरेला असं ओढत होतं, जणू कोणी खालून पदर धरला आहे. मग तिनं हात पुढे केला आणि कॅप्टनच्या मनगटावर ठेवला. ओढला नाही, ठेवला. चौघांचा गोल झाला आणि खालची शेतं त्याच्यातून हळूहळू मोठी होताना दिसली. छत्रीही गुणाची निघाली. सगळ्यांबरोबर उतरली, चहाला वेळेवर. कॅप्टन म्हणाली, "आज मुक्काम नाही वाटतं?"

तिला तू फार आवडतोस. तुझी पत्रं मी तिला वाचून दाखवते. काडी म्हटल्यावर खूप हसली.

जेवणाचं विचारलंस. बसवते मी तिला शेजारी, पण खाल्लेलं तिच्या अंगी लागत नाही. पोटात दुखतं. कधीकधी खाल्लं की लगेच उठून जावं लागतं, म्हणून मग खातच नाही. डॉक्टरकडे जा म्हटलं तर म्हणते, स्पर्धा झाली की जाईन. तिला भीती आहे, आत्ता गेली तर डॉक्टर उडी बंद करतील आणि चौकडी तशीच मोडेल. सारखी थकलेली असते, मामा. शिशाचा पट्टा सोडला तरी तो अंगावरच आहे असं तिला वाटत राहतं.

तिला काय सांगू? तिच्या जागी मी असते तर तू काय सांगितलं असतंस?

तुझं,
बोचकं


२५ मे

चि. बोचक्यास अनेक आशीर्वाद.

काडी पोचली हे वाचून मी कारखान्यात एकटाच टाळ्या वाजवल्या. बाहेरचा चौकीदार डोकावून गेला, म्हाताऱ्याचं बरं आहे ना म्हणून.

तू विचारतेस, तू असतीस तर काय सांगितलं असतं. अगं, तू असतीस तर सांगत कशाला बसलो असतो? पहिली गाडी धरून आलो असतो, कान धरून डॉक्टरपुढे उभं केलं असतं, आणि तुझ्या आईला दाराशी पहाऱ्याला बसवलं असतं. शिशाचा पट्टा घेऊन मीच तुझ्या मागे धावलो असतो. स्पर्धा गेली चुलीत.

पण ती पडली दुसऱ्याची मुलगी. आपण कोण तिचे? मोठी बाई आहे, तिचं तिला कळतं. पोटदुखी काय, सगळ्यांनाच होते, मलाही स्पर्धेआधी व्हायची, पैलवान तर विमानात बसेपर्यंत फेऱ्या मारायचा. महिन्याभराचा तर प्रश्न आहे. होऊ दे तिची हौस. मग जाईल ती डॉक्टरकडे.

तू मात्र नीट जेव. ताई म्हणत होती, फोनवर तुझा आवाज दमलेला वाटतो. मी म्हटलं, आमच्या बोचक्याला काय धाड भरली आहे!

तुझा,
मामा


२ जुलै

आदरणीय मामा,
नमस्कार.

आपली भेट नाही. मी आपल्या भाचीच्या चौकडीतली, ती मला कॅप्टन म्हणते. तिच्या आईंना मी फोनवर कळवलंच आहे आणि त्या निघाल्याही आहेत. आपल्याला फोनवर ऐकू येत नाही असं तिनं सांगितल्यामुळे लिहिते आहे.

स्पर्धेतली शेवटची उडी परवा झाली. आमचा गोल पूर्ण झाला. ती व्यवस्थित, पायांवर उतरली, छत्री गोळा केली, आणि तशीच गवतावर बसली. मी चेष्टेनं म्हटलं, आज इथेच मुक्काम का? तिनं हसून हात हलवला, पण तिला उठता येईना. आता ती रुग्णालयात आहे. आतड्याचं दुखणं आहे. डॉक्टर म्हणतात, बरेच महिने अंगात असणार, अन्न अंगी लागत नव्हतं, आणि आता एका जागी आतडं फार बिघडलं आहे. उद्या शस्त्रक्रिया करतील.

आम्ही तिला रोज पाहत होतो, मामा. ती बारीक होत चालली तेव्हा म्हणाली, स्पर्धेसाठी वजन कमी करते आहे. आम्ही तिचं कौतुक केलं. आमच्यातल्या एकानं तर विचारलं, काय खातेस ते आम्हालाही सांग. हे मला आता झोपू देत नाही.

एक गोष्ट मला उलगडत नाही. गुंगीत ती सारखी म्हणत होती, "मामाला काडीचं सांगा." आमच्या चौकडीत काडी कोणी नाही. नवी मुलगीही कोणी आलेली नाही. आम्ही पहिल्यापासून तेच चौघं आहोत. आपल्याला काही ठाऊक असेल तर कळवा, तिला बरं वाटेल.

आपली,
कॅप्टन


६ जुलै

माझ्या बोचक्या,

ताईचा निरोप आला, शस्त्रक्रिया झाली, तू डोळे उघडलेस. एवढं कळल्यावर लिहायला बसलो. त्याआधी तीन कागद फाडले.

ताई निघाली तेव्हा मी स्टेशनवर होतो. आतड्याचं दुखणं कळलं तेव्हाच मला सगळं उलगडलं होतं, कॅप्टनचं पत्र मागून आलं. तिला सगळं सांगितलं: पट्टा, टाचण्या, काडी. तिनं ऐकून घेतलं. माझी थोरली बहीण आहे, पण कधी आवाज चढवला नाही तिनं माझ्यावर, त्या दिवशीही नाही. एवढंच म्हणाली, "तुला पट्ट्यावरचा वण दिसला, आणि पोर दिसली नाही?"

गाडी गेली. मी तिथेच उभा.

नाही दिसली गं. मी आयुष्यभर पट्टे वाचत आलो. कोण कुठे घासतं, कोण कुठे ओढतं, कोणाचा कोणता खांदा उतरता आहे, पट्ट्यावरून सांगतो. तुझा पट्टा समोर होता आणि मी त्यात एक परकी पोर वाचली, कारण माझं बोचकं बारीक होईल हे माझ्या डोक्यात शिरूच शकत नव्हतं. वीट कशी तरंगेल? म्हणून मी वीटच बदलली.

आणि त्या टोकाच्या घड्या! काल आठवलं आणि पाणी पीत होतो ते तसंच ठेवलं. तू शेवटची घडी उलटी घालतेस. बुटाची नाडीही लहानपणी तशीच खोचायचीस, मामी चिडायची. रबरात खोचलेलं ते टोक मी हातात धरलं होतं, आणि वर तुलाच लिहिलं, निदान तेवढं तरी तिला शिकवलंस.

तू विचारलंस, तिच्या जागी मी असते तर. प्रश्न उघडा होता. मी उत्तरही अगदी बरोबर दिलं, पहिली गाडी, कान, डॉक्टर, सगळं. आणि मग ते बाजूला ठेवून दुसरं उत्तर दिलं, दुसऱ्याच्या मुलीसाठी. आपण कोण तिचे, असं लिहिलं. हे माझ्या हातानं लिहिलं.

ताई म्हणते, तुझ्या पोटावर टाके आहेत आणि तुला हसवायचं नाही. मला आता हसवता येईल असंही वाटत नाही.

तू रागाव. मला चालेल.

मामा


२२ जुलै

ती. मामास,
सा. न.

अक्षर वेडंवाकडं आहे, पाठीवर पडून लिहिते आहे. आई उशी धरून बसली आहे आणि वाचायचा प्रयत्न करते आहे, म्हणून तिच्याबद्दल चांगलंच लिहावं लागेल. (आई, चष्मा काढ.)

मी रागावलेली नाही. तूच मला लपायला जागा करून दिलीस. तू लिहिलंस, लुकडी पोर आहे कोणीतरी, आणि मला इतकं हायसं वाटलं! माझ्याबद्दल विचारलं असतंस तर मी 'छे, काही नाही' म्हटलं असतं. काडीबद्दल विचारलंस म्हणून मी खरं लिहू शकले. तुला लिहिलेलं एकही दुखणं खोटं नव्हतं, फक्त माणूस खोटं होतं. आईला फोनवर तेवढंही सांगितलं नाही. फोनवर बारीक झालेलं ऐकू येत नाही, त्याचा मी फायदा घेतला.

पण एक सांगते, आणि ते सांगितल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. 'तिच्या जागी मी असते तर' असं विचारलं तेव्हा मी खरंच उत्तरासाठी थांबले होते. तुझं उत्तर येईपर्यंत रोज खाली उतरून पत्रपेटी बघत होते. तू "आत्ता ने तिला डॉक्टरकडे" असं लिहिलं असतंस तर मी गेले असते का? कधी वाटतं, गेले असते. कधी वाटतं, ते पत्रही फिरवून वाचलं असतं. मला माहीत नाही, मामा. डॉक्टर म्हणतात, दोन महिने आधी आली असतीस तर बहुतेक गोळ्यांवर निभावलं असतं, कापावं लागलं नसतं. ते तुला कळू नये असं आईला वाटतं. मला वाटतं, आता आपल्यात काही लपवायचं नाही.

हार्नेसचा पट्टा जिथे पोटावर येतो, टाके नेमके तिथेच आहेत. उघडताना हिसका बसतो, तो आता या पोटाला सोसायचा नाही. मी विचारलं, पुढे कधी? डॉक्टरांनी पथ्याची यादी लिहायला घेतली. म्हणजे उडी संपली. सामान कॅप्टननं तुझ्याकडे पाठवलं आहे, छत्री विकून टाक. सूट, शिसं, सगळंच काढ.

शेवटचा गोल मात्र झाला. तुला लिहायचं राहिलं होतं. मी माळ्यावर नव्हते.

तुझं,
बोचकं (काडी इथेच शेजारच्या खाटेवर आहे असं समज, तिचाही नमस्कार)


३१ जुलै

चि. बोचक्यास अनेक आशीर्वाद.

दोन महिन्यांचं लिहिलंस ते बरं केलंस. पत्र खिशात ठेवलं आहे. मामीलाही वाचून दाखवलं नाही अजून. दाखवीन.

छत्री एका बाईंना दिली. हलक्या आहेत. आधी समोर उभं करून विचारलं, वजन कधीपासून इतकं आहे, जेवण कसं आहे, पोट बरं असतं ना? त्या म्हणाल्या, मामा, छत्री विकताय की मुलगी बघायला आलात? हार्नेस उसवून पट्टे वेगळे केले. शिसं वितळवायला दिलं.

सूट मात्र दिला नाही. उसवला. पण जे कापलं होतं ते कापलंच होतं. दोन्ही बगलांपासून खालपर्यंत नवं कापड जोडावं लागलं. निळ्यातला तोच निळा शोधत बाजार पालथा घातला, मिळाला नाही. जोड दिसतो. दिसू दे.

तुझं आताचं माप कॅप्टनकडून मागवलं. तू झोपलीस तेव्हा ताईनं तुला कुशीवर वळवलं आणि तिनं फितीनं घेतलं, दोघींवर रागावू नकोस. त्या मापाला शिवला आहे. तो उडीसाठी नाही. तिथल्या खिडकीतून गार वारा येतो म्हणे, तेव्हा अंगावर घाल. व्हरांड्यात चालायला नेतील तेव्हा घाल. शनिवारी गाडीनं निघतो आहे, स्वतः घेऊन येतो. पहिली गाडी मिळाली नाही. ती मे महिन्यात होती.

आत दोन्ही बाजूंना चार-चार बोटं माया सोडली आहे. अंगावर जरा भर आली, कुठे दाटायला लागला, की तेवढा उसव. शिवणयंत्रावर घेतला नाही, हातानं कच्चे टाके घातले आहेत. कात्री लागणार नाही. दोऱ्याचं टोक धरून नुसतं ओढलंस तरी सुटेल.

तुझा,
मामा